पान क्रमांक सत्तेचाळीस

वेताळ टेकडीच्या उतारावर, खाणीच्या अलीकडे
एक आपटा आहे. माझ्या वहीत त्याचं नाव आ-३.
कोवळं पान करंगळीच्या नखाएवढं झालं
की मी त्यावर काळ्या शाईचे पंधरा ठिपके देते,
तीन ओळी, पाच रकाने.
देठाला लाल दोरा, दोऱ्याला आकडा.
मग एक दिवसाआड सकाळी सातला
फोटो, कॅलिपर, आणि वारा थांबायची वाट.

फिरायला येणारे थांबतात.
पुण्यात कुणी नुसतं पुढे जात नाही.
“काय मोजताय?”
“पानं.”
“किती भरली?”
“किती ते नाही, कशी वाढतात ते.”
कानटोपीतले गद्रे काका माझ्याकडे असे बघतात
जणू माझा पगार त्यांच्या पेन्शनीतून कापला जातो.

ठिपके सरकतात.
सगळे सारखे नाही.
देठाजवळचे भराभर दूर जातात एकमेकांपासून,
टोकाकडचे आधीच स्थिरावलेले,
बदली न मागणाऱ्या कारकुनांसारखे.
लांबीचा लॉग आडवा मांडला, रुंदीचा उभा,
तर सगळी पानं एका रेषेवर येऊन बसतात
आणि रेषेचा चढ निघतो एक पूर्णांक शून्य आठ.
म्हणजे पान नुसतं मोठं होत नाही,
मोठं होता होता किंचित ऐसपैसही होत जातं.

आणि ती खाच.
भोरला, लहानपणी, मला वाटायचं
कुणीतरी रात्री कात्री घेऊन फिरत असणार.
कात्री नाही. काही कापलं गेलेलंच नाही.
मधली शीर लवकर थांबते,
दोन्ही बाजू थांबत नाहीत,
एवढंच.
मी लिहिलं होतं:
खाच म्हणजे मागे राहण्याची खोली.
ढमढेरे सरांनी ते खोडलं, वर लाल शाईत:
“वेगांतला फरक. एकक लिही.”
लिहिलं. मिलिमीटर.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी आ-३ उघडा.
फांद्या सालीसकट ओरबाडलेल्या,
साठांतली नऊ पानं उरलेली, हात न पोचलेली.
मातीत पाच लाल दोरे.
घरी येऊन रिकाम्या घरांत फुल्या घालत बसले,
नाहीतर कॉम्प्युटर त्यांना शून्य समजतो.
शून्य म्हणजे वाढलं नाही.
फुली म्हणजे माहीत नाही.
एकावन्न फुल्या.

दसऱ्याला सुट्टी होती,
पण रोपांच्या खोलीतला दिवा बघायला जावं लागलं.
फाटकावर निवृत्तीमामा, इस्त्रीचा सदरा,
“ताई, सोनं घ्या, सोन्यासारख्या राहा.”
कोथरूड डेपोपाशी दहा रुपयांना जुडी, म्हणाले,
महाग झालीय.
तळहातावर पान ठेवलं.
पंधरा ठिपके.
देठाला अजून लाल दोरा, विकणाऱ्यानं काढायचा कंटाळा केलेला.
सत्तेचाळीस.

त्यांना नमस्कारही न करता मी कॅलिपर काढला.
“मामा, वही धरा. मी सांगते, तुम्ही लिहा.”
लांबी चौतीस पूर्णांक दोन.
रुंदी शेहेचाळीस पूर्णांक सात.
खाच सात पूर्णांक नऊ.
आठव्या आणि नवव्या ठिपक्यातलं अंतर
माझ्या अंदाजापेक्षा चार दशांशांनी जास्त.
तोडेपर्यंत ते वाढतच होतं,
माझ्या रेषेला न विचारता.

मामांनी आकडे मराठीत लिहिले, देवनागरी, टपोरे,
पाचाला शेपूट काढून.
मग पेन टेकवून म्हणाले,
“पण ताई, सोनं मोजत नाहीत. तोलतात.”

बरोबर होतं ते.
आत नेलं. तराजूच्या काचेचं दार लावलं.
शून्य पूर्णांक चारशे बारा.
चारशे अकरा.
पान सुकत चाललेलं, शेवटचा आकडा टिकेना.
चारशे दहा.
मामा वही उघडी धरून उभे,
पेन कागदाच्या जरा वर,
“कोणता लिहू?”